जगात एकच पीस

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात माणूस दोनच कामं करू शकतो. एक, कूलरसमोर झोपणं. दोन, कूलरसमोर झोपलेल्याला उठवणं. मी पहिलं काम मन लावून करत होतो, तेवढ्यात भाचा दुसरं करायला आला.

“मामा, उठा ना. हे पाहा. जगात एकच पीस आहे.”

आमच्या घराण्यात ‘जगात एकच पीस’ हे शब्द आजवर फक्त माणसांसाठी वापरले गेलेत, आणि तेही ते माणूस चपला घालून फाटकाबाहेर पडल्यावर. म्हणून मी आधी दाराकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. भाच्याने मोबाईल माझ्या नाकाला लावला होता आणि त्यात एक गिटार होती. अंग एका जातीचं, त्यावर बसवलेले पिकअप दुसऱ्या जातीचे, आणि रंग बुधवार बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या बादलीचा. खाली किंमत होती. मी चष्मा पुसला आणि त्या आकड्यात दशांश चिन्ह शोधू लागलो.

“रुपयांत दोन लाखांच्या वर जाते,” भाचा म्हणाला. “शिवाय कस्टम ड्यूटी. पण मामा, ही मॉड आहे. कंपनीनं स्वतः मॉडिफाय केलेली.”

“म्हणजे आधी बिघडली होती?”

“बिघडली नव्हती हो. वेगळी होती.”

हे वाक्य मी लिहून ठेवलं. दहावीत गणिताचा पेपर मी ज्या प्रकारे सोडवला होता, त्याला पन्नास वर्षांपूर्वी हा शब्द मिळाला असता तर आमच्या वडिलांच्या हातातला पट्टा पट्ट्याच्या जागी राहिला असता.

भाचा गेला आणि झोपही गेली, म्हणून मी या विषयात शिरलो. गिब्सन ही अमेरिकेतली गिटार बनवणारी जुनी कंपनी, १९०२ सालची. लेस पॉल नावाची तिची प्रसिद्ध गिटार १९५२ सालची. कंपनी मोठी, त्यामुळे तिच्याकडे नमुना म्हणून केलेल्या, प्रदर्शनात फिरून आलेल्या, या ना त्या कारणानं नेहमीच्या रांगेत न बसलेल्या गिटारी साठत असणार. प्रत्येक कारखान्यात साठतात. आता तिने ‘मॉड कलेक्शन’ नावाचं एक दालनच उघडलं आहे. याचे पिकअप त्याला, त्याचा रंग याला, असं करून सजवलेली एकेक गिटार तिथे येते आणि विकली जाते. गिटार असते, बासही असते. कंपनी म्हणते, अशी दुसरी होणे नाही. गिटारवाल्यांच्या कट्ट्यावर कुजबुज अशी, की हा परीक्षेत नापास झालेला माल आहे आणि त्याला फेटा बांधून वरातीत उभा केलाय. खरं काय ते कंपनीला ठाऊक. मला एवढंच दिसलं की दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगून राहिल्या आहेत. कारण नापास झालेला प्रत्येक जण जगात एकच असतो. पास झालेले सगळे सारखेच दिसतात, नापास मात्र आपापल्या वळणानं नापास होतो.

इथं मी एक कबुली दिली पाहिजे. बास म्हणजे काय हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. भाच्याच्या कॉलेजच्या कार्यक्रमात एका पोट्ट्याच्या गळ्यात चार तारांची गिटार पाहून मी बाजूच्या गृहस्थांना म्हणालो, “बिचाऱ्याच्या दोन तारा तुटल्यात, तरी वाजवून राहिला.” गृहस्थ त्याचे वडील निघाले. त्यांनाही तसंच वाटत होतं आणि ते मध्यंतरात तारा आणायला जाणार होते. चार तारांची ही बास गिटार लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९५१ साली बाजारात आणली, हे मला मागाहून कळलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं आणली, हे कळल्यावर माझा तिच्यावर विश्वास बसला.

याच फेंडरची पुढची गोष्ट मात्र अशी आहे की ती कळल्यापासून मला गिब्सनचा राग येईनासा झाला. १९६५ साली लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या रेडिओ-टीव्हीवाल्या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्याच सुमारास कंपनीने दोन नव्या चिजा काढल्या होत्या. एक बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार, आणि दुसरी ‘बास फाइव्ह’. या बास फाइव्हमध्ये एक तार वाढवली आणि बदल्यात पडदे कमी करून पंधरावर आणले. म्हणजे गच्चीवर एक खोली चढवायची आणि जिन्याच्या पाच पायऱ्या काढून टाकायच्या. लोकांनी पाहिली, वाखाणली आणि चार तारांची घेऊन घरी गेले. बारा तारांच्या गिटारचीही हवा लवकरच उतरली. गोदामात लाकडाची अंगं आणि माना पडून राहिल्या.

कारखान्यात बेब सिमोनी नावाचे जुने गृहस्थ होते. हा माणूस आमच्याकडे असता तर त्याला प्रत्येक लग्नघरात आचाऱ्यापाठोपाठ बोलावलं असतं, ‘उरलेल्याचं काय करायचं’ एवढं सांगायला. सिमोनींनी करवत घेतली. न खपलेल्या बास फाइव्हची अंगं खालून गोलाकार कापली, काही अंगं विद्यार्थ्यांच्या स्वस्त गिटारीची घेतली, मानेचं टोक भाल्यासारखं तासलं आणि नाव ठेवलं ‘स्विंगर’. बारा तारांच्या गिटारीच्या मानेवर बारा खुंट्यांची भोकं होती. त्यातली सहा बुजवली, अंग थोडं टोकदार केलं आणि नाव ठेवलं ‘कस्टम’. काहींवर ‘मॅव्हरिक’ असंही लिहिलं. साल १९६९. कस्टम म्हणजे गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे खास बनवलेलं. फर्माईश इथे गोदामाची होती, एवढाच फरक.

आता यातली खरी गंमत. या गिटारी मोजक्याच झाल्या, म्हणून आज संग्राहक त्यांच्यामागे फिरतात आणि चांगले पैसे मोजतात. ज्या बास फाइव्हला तेव्हा कोणी हिंग लावून विचारलं नाही, तिच्या कापलेल्या अंगाला आज इतिहास चिकटला आहे. आमच्याकडेही हे होतं. आजीचा पितळी बंब आम्ही मोडीत काढला आणि तसाच बंब मुंबईच्या एका हॉटेलात काचेच्या कपाटात ठेवलेला पाहिला. त्याच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढत होते. आजीसमोर उभं राहून कोणी काढला नाही.

माल वेगळा निघाला तर काय करायचं याचं शिक्षण नागपुरात प्रत्येकाला जन्मतः मिळतं, कारण हे शहर संत्र्याचं आणि कापडाचं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात. मोठं फळ वेगळं, मधलं वेगळं, आणि जे बारीक राहिलं ते चुरी. चुरीला कोणी ‘संत्रा पेटीट, मर्यादित आवृत्ती’ असं म्हणत नाही. चुरी म्हणजे चुरी. ती रसाच्या गाड्यावर जाते, भाव पडतो, आणि पिणाऱ्याला पेल्यात मोठ्या-लहान फळाचा पत्ता लागत नाही. कोणीही कोणाला फसवलेलं नाही. शेतकरी मात्र रडतो, कारण त्या झाडाने अख्खं वर्ष पाणी तेवढंच पिलेलं असतं. चुरीला वेगळं नाव देऊन दुप्पट भावाने विकायची कल्पना त्याला अजून सुचलेली नाही, आणि मी ती इथं छापून राहिलो याबद्दल मला थोडी भीतीच वाटते.

कापडाचं तेच. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि तेव्हापासून तीन-चार पिढ्या नागपूरकर भोंग्यावर उठले. गिरण्यांच्या शहरात सेकंडचा माल हा सन्मान्य माल असतो. कटपीस, तुकडा, डॅमेज, चिंधी अशी त्याची उतरत्या भाजणीची जातवारी होती आणि तीत खोटं बोलायला जागा नव्हती. आमच्या घरी पडद्याचं एक कापड आलं होतं. ते कुठल्या गिरणीचं हे मी सांगणार नाही, गिरणीलाही आता ते आठवणार नाही. छपाईचा ठसा सरकल्यामुळे त्यावरचे सगळे पोपट मानेपर्यंतच होते. डोकी पुढच्या रांगेतल्या पोपटांच्या शेपटीला लागली होती. दुकानदारानं कापड उलगडून स्वतःच दाखवलं, “भाऊ, पोपट कटलेला आहे, पाहून घ्या,” आणि वाराला बारा आणे कमी केले. आईनं पडदे असे शिवले की बिनडोक्याचे पोपट भिंतीकडे आले. पाहुण्यांना कधी कळलं नाही. फक्त एकदा सोसाट्याचा वारा आला तेव्हा एक स्थळ बघायला आलेली मंडळी जरा गप्प झाली.

गिब्सनही एके काळी त्या दुकानदाराच्या जातीची होती, हे सांगायलाच हवं. रंगाला ओघळ आला, लाकडात गाठ निघाली, तर मानेच्या टोकाच्या मागच्या बाजूला ‘सेकंड’ असा ठसा मारून ती गिटार कमी पैशात जायची. वाजायला तीच. पोपट कटलेला आहे, पाहून घ्या. त्या ठशामुळे किती गरीब पोट्ट्यांच्या हातात चांगली गिटार आली असेल! आज त्या ठशाची गिटारही जुनी म्हणून महाग झाली आहे. ठसा लपवायचे दिवस गेले, आता तो फोटोत आधी दाखवतात.

मग १९९५ साल उजाडलं आणि फेंडरच्या कस्टम शॉपने डागच विकायला काढले. ‘रेलिक’ म्हणतात त्याला. कोरी करकरीत गिटार घ्यायची, तिचा रंग घासून उडवायचा, कडा झिजवायच्या, धातूवर गंज चढवायचा, आणि जणू तीस वर्षं कोणी बारमध्ये वाजवली आहे अशी करून कोऱ्या गिटारीपेक्षा जास्त भावाला विकायची. सुरुवातीला मिसूरी राज्यातले विन्स कुनेटो नावाचे कारागीर हे काम करायचे. त्यातही प्रती आहेत. नुसती कपाटात राहून पिवळी पडलेली वेगळी, बऱ्यापैकी झिजलेली वेगळी, आणि पार हाल झालेली वेगळी. हाल जितके जास्त तितके पैसे जास्त.

हे ऐकून आमच्या चौकातल्या पानठेल्यावर एक मिनिट शांतता पसरली. मग ठेलेवाला हातातला खर्रा घोटता घोटता म्हणाला, “म्हणजे माणूस दिवसभर गिटार घोटते, अन् त्याचे पैसे घेते?” मी हो म्हणालो. त्यानं पन्नीतल्या आपल्या खऱ्र्याकडे पाहिलं. “मी बी तेच करून राह्यलो ना बाप्पा. मले कोणी कारागीर काऊन नाही म्हणत?”

अहो, नागपुरात गिटार जुनी करायला कारागीर लागतच नाही. उन्हाळा ते काम फुकट करतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लाकूड आक्रसतं आणि पडद्यांच्या तारांची टोकं मानेच्या कडेनं बाहेर येऊन बोटं कापतात. साध्या गिटारीचा डिंक सुटून पूल उचलला जातो. जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. भाच्याच्या पहिल्या गिटारीने दोन उन्हाळे काढले, त्यातला दुसरा खसच्या कूलरसमोर काढला, कारण कोणीतरी त्याला सांगितलं की वाद्याला ओलावा लागतो. कूलरसमोर मी आणि गिटार असे दोघं शेजारी झोपायचो. जूनमध्ये तिची मान वाकली, माझी धरली. ज्या कंपन्यांना जुनेपणाचा एवढा सोस आहे, त्यांनी एप्रिल ते जून आमच्या गच्च्या भाड्यानं घ्याव्यात. मिहानमध्ये जागाही आहे.

पण सगळाच माल असा फेटा बांधून विकता येत नाही, हेही खरं. गिब्सनने २०११ मध्ये फायरबर्ड एक्स नावाची गिटार आणली होती. स्वतःच स्वतःला सुरात लावणारी, आत कॉम्प्युटर भरलेली, किंमत साडेपाच हजार डॉलरच्या घरात. गिटार वाजवणाऱ्यांना सुरात लावायचा कंटाळा असतो, पण त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी लावलेलं त्यांना खपत नाही. ती चालली नाही. २०१९ मध्ये एक चित्रफीत जगभर फिरली. शेकडो फायरबर्ड एक्स जमिनीवर रांगेनं मांडल्या आहेत आणि साखळीच्या चाकांचं एक भलं मोठं यंत्र त्यांच्यावरून जातं आहे. लोक हळहळले. म्हणाले, शाळेतल्या मुलांना द्यायच्या होत्या. कंपनीनं सांगितलं की त्यातले भाग सुरक्षित नव्हते, दुरुस्त होण्यासारखा तो माल नव्हता.

भाच्याने ती चित्रफीत मला दाखवली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र तान्हा पोळ्याची मिरवणूक आठवली. जगात कुठं नसेल अशी ही आमची रीत. काळी मारबत, पिवळी मारबत आणि मागून बडगे. वर्षभराची रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे जे नको ते सगळं त्या पुतळ्यांच्या माथी मारायचं, आरोळ्या ठोकत गावभर फिरवायचं आणि शेवटी नेऊन जाळायचं. गिब्सनने आपली मारबत काढली, एवढंच. फक्त आमची मारबत जळली की जळली. दुसऱ्या दिवशी तिचा एक बांबू नवा रंग लावून ‘जगात एकच मारबत’ म्हणून विकायला कोणी बसत नाही. निदान अजून तरी.

या साऱ्यात भारतीय गिटारवाले कुठं आहेत, असं कोणी विचारेल. कोलकात्याची ‘गिवसन’ नावाची गिटार कित्येक मराठी घरांतून वाजली आहे. नाव पुन्हा वाचा. एका अक्षराच्या फरकाने दोन लाख रुपये वाचतात. मिरजेची गोष्ट त्याहून निराळी. तिथं एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्याने तंबोरे-सतारी करायला सुरुवात केली. मूळचा व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा. तलवारी मागे पडल्या आणि हात भोपळ्याकडे वळले. त्यांनी न खपलेला माल फिरवून विकला नाही, स्वतःलाच फिरवून घेतलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं कुणी नव्या तंबोऱ्याला कानस मारून तो जुना करत असेल, असं मला वाटत नाही. वाटायला लागलं तर मी मिरजेची गाडी पकडीन.

असो. तर दोन लाखांचा विषय माझ्या बहिणीनं एका वाक्यात संपवला. “दादा, तू याला घेऊन जा, अन् कुठूनतरी जुनी घेऊन दे. पाच हजारांच्या वर एक पैसा नाही.”

गांधीबागेच्या बाजूला एका बोळात वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे बसतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. दुकान एवढं की गिऱ्हाईक आत आलं तर उस्तादांना बाहेर यावं लागतं. वर तबले टांगलेले, खाली हार्मोनियमची पोटं उघडी, आणि कोपऱ्यात एक काळी बास. लग्नाच्या ऑर्केस्ट्रातली. वाजवणारा आता प्लॉट विकतो.

“साडेचार,” उस्ताद म्हणाले. “पण आधीच सांगून ठेवतो भाऊ, माल साफ नाही. रंग गेलेला आहे इथं. खुंटी एक बदललेली आहे, दुसऱ्या कंपनीची आहे. मागून पट्ट्याच्या बक्कलनं पार घासली. वाजते चांगली.”

माझं मन भरून आलं. कटलेला पोपट दाखवणारा दुकानदार अजून जिवंत होता. मी घासाघीस करायच्या तयारीनं बाह्या सावरल्या. एवढे डाग म्हटल्यावर साडेतीनच्या वर जायचंच नाही असं ठरवून मी म्हणालो, “उस्ताद, रंग तर पारच गेलाय.”

“मामा!” भाचा मागून जवळजवळ ओरडला. “हे नॅचरल रेलिक आहे! याच्यासाठी लोक तिकडे डबल पैसे देतात!”

उस्तादांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

मी त्याच्या पायावर पाय दिला. “अन् ही खुंटी. एक सोनेरी, तीन चांदीच्या. बरं दिसतं का हे?”

“मामा, ही म्हणजे कंपनीबाहेर झालेली मॉड आहे. अशी कुठंच मिळणार नाही.”

“मागून घासली आहे,” मी चिकाटीनं म्हणालो.

“बक्कल रॅश!” भाचा बास उलटी करून तिच्यावरून हात फिरवत म्हणाला. “उस्ताद, हे तुम्ही केलं का?”

“नाही बेटा. त्या वाजवणाऱ्याचं पोट मोठं होतं.” उस्तादांनी बास हळूच त्याच्या हातातून काढून आपल्या मांडीवर घेतली, ज्या रंग गेलेल्या जागेकडे त्यांनी दहा वर्षांत पाहिलं नसेल तिच्यावर फडकं फिरवलं, मग लगेच थांबले आणि फडकं बाजूला ठेवलं. “सहा.”

“अहो, आत्ता साडेचार म्हणालात!”

“तेव्हा मले माहीत नव्हतं ना भाऊ.”

शेवटी पाच हजार आठशेला सौदा झाला. वरचे आठशे माझ्या खिशातून गेले आणि बहिणीला सांगायचं नाही असं ठरलं. आम्ही निघालो तेव्हा उस्ताद कोपऱ्यातली एक फुटकी मेंडोलिन उचलून उजेडात धरून पाहत होते. बोळाच्या तोंडाशी पोहोचलो तर त्यांनी मागून हाक मारली.

“ओ भाऊ! ते रेलिक का काय म्हणाला पोट्टा, ते पाटीवर कसं लिहायचं?”